यादीतली शेवटची ओळ

गोपीदा,

नवव्या दिवशी मी तुझ्या घरी गेले तेव्हा वैनी मागच्या पडवीत बसली होती. ओटीवर, तुझ्या बाबांच्या फोटोशेजारी, कुणीतरी नवा खिळा ठोकून ठेवला होता. बायका येत होत्या, बसत होत्या, आणि प्रत्येकीची नजर एकदा तरी त्या खिळ्याकडे जात होती. सबंध शिरोड्याला गेलेल्या माणसांचे फोटो करून देणारा तू, आणि तुझा स्वतःचा एक फोटो घरात नव्हता. लग्नातला होता, पण त्यात तुला मुंडावळ्या बांधलेल्या. मुंडावळ्यांतला नवरदेव तेराव्याला कसा टांगणार?

वैनीने मला जवळ बसवलं. "शुभा, ह्यांनी माका सांगल्यानी, माझो फोटो यादीत सगळ्यात शेवटाक आसा. शुभाक इचार, तिका म्हायत आसा."

"कधी सांगल्यानी?"

"दिवाळी झाल्यार. मी हसलंय. तेवा काय म्हायत."

ती यादी तू कधीच टाकून दिली असशील, असं मी दिवाळीपासून धरून चालले होते. तिचं नावसुद्धा आपल्यात निघत नव्हतं. आणि तू त्या यादीत जाऊन बसला होतास, तेही मला न सांगता. वैनीला मी म्हटलं, फोटो गावतलो, काळजी करू नको. तिथून सायकल हातात धरून चालत आले, बसवेना.

ती यादी तू का सुरू केलीस हे गावाला कधी कळलं नाही. मला कळलं, कारण त्या दिवशी तुझ्या फोटोच्या दुकानात काउंटरवर मीच होते. घरात कुणी गेलं की लोक दुकानात यायचे. हातात रेशनकार्ड, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो, त्यात मागच्या रांगेत अंगठ्याएवढं तोंड. तेवढंच तोंड कापून, मोठं करून आपण तयार खांद्यांवर बसवायचो. बायकांसाठी नऊवारीतले खांदे, पुरुषांसाठी एक कोट. तोच एक कोट, मी दुकानात यायच्या आधीपासूनचा. जन्मभर पंचा सोडून दुसरं काही न नेसलेले कितीतरी म्हातारे त्या एकाच कोटात भिंतीवर चढले. मग एक दिवस एक बाई फ्रेम परत घेऊन आली.

"टकली आवशीची, पण खांदे भलत्याचे," ती म्हणाली. "तिन्हीसांजेक दिवो लावूक गेलंय की माका भिया वाटता."

तू फ्रेम ठेवून घेतलीस. पुढच्या लग्नापासून मात्र जेवणाच्या पंगती उठल्या की तू म्हाताऱ्या माणसांजवळ जाऊन बसायला लागलास. सुपारीच्या, गुडघ्यांच्या गप्पा मारायच्या आणि मधेच हळूच, "आजये, हय बघ." एक फोटो. कुणाला सांगायचं नाही, कुणाकडे मागायचं नाही. दुकानात आलं की फोटो बघायच्या प्रोग्राममध्ये तो एका यादीत घालायचा. त्या यादीला तू नाव दिलं होतंस 'नंतर'. मी म्हटलं होतं, यमाचा कारकून झालास की काय तू. त्यावर तू खुशीत हसला होतास.

आणि मग माझे बाबा गेले. तू मला काही विचारलं नाहीस, तासाभरात फ्रेम घेऊन आमच्या अंगणात उभा राहिलास. चुलतबहिणीच्या लग्नात पान लावता लावता वर बघणारे बाबा. खांदे त्यांचेच. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, तेही त्यांचंच. त्या दिवशी मी तुझे आभार मानले नाहीत, नुसती फ्रेम हातातून ओढून घेतली. आज मानते, गोपीदा. उशीर झाला, पण मानते.

मग खारी हवा जुन्या काँप्युटरच्या पोटात शिरली. रोज टॉवेल घालून झाकायचो तरी आत गंज चढला. फोटो सगळे वेगळ्या डिस्कवर होते, ते वाचले. यादी तेवढी बाहेर काढून नव्या मशीनमध्ये घालायची होती. यादीत फोटो नसतात, फोटोंचे पत्ते असतात. बाहेर काढताना प्रोग्राम विचारतो, पूर्ण पत्ता लिहू की नुसतं फोटोचं नाव? मी सांगत होते, पूर्ण पत्ता घे, कुठल्या फोल्डरमधला ते यायला हवं. पण तू ऐकलंस तर तू कसला. ती लांबलचक ओळ बघूनच तुला वैताग आला.

"कित्याक तां रामायण?" तू म्हणालास. "शिरोड्यात पाकिटार नुसतां नाव लिवला तरी पत्र पोचता."

पत्र पोचतं, कारण पोस्टमन माणसाला ओळखतो. काँप्युटर कुणाला ओळखत नाही. त्यात तुझी दुसरी सवय. प्रत्येक कामाला निघताना तू कॅमेऱ्याचं कार्ड पुसून कोरं करायचास, आणि कार्ड कोरं झालं की कॅमेऱ्याचे आकडे पुन्हा एकपासून सुरू. म्हणजे सत्तेचाळीस नंबरचा फोटो आपल्याकडच्या प्रत्येक लग्नात एकेक. नव्या मशीनने यादी घेतली, आणि काही तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर बरं झालं असतं. त्या त्या आकड्याचा जो फोटो आधी हाताला लागला तो त्याने उघडला. आजी-आजोबांच्या जागी तोंडात लाडू कोंबलेली शाळकरी मुलगी, बँडवाला, हळद लावलेला कुणी नवरा. आणि रेडी गावातल्या एका आजीच्या जागी रमाकांत. त्याच्या भावाच्या लग्नात, वाळूवर ओढून ठेवलेल्या स्वतःच्या होडीला टेकून, नव्या शर्टात हसत उभा असलेला.

आपण दोघं पोट धरून हसलो, हे मी विसरलेले नाही. "बघ मेल्या खंय जावन बसलो," असं तूच म्हणाला होतास. मग म्हणालास, सावकाश दुरुस्त करूया. गिऱ्हाइकं आली, राहून गेलं.

पावसाळा संपला, होड्या पाण्यात गेल्या, आणि पहिल्याच खेपेला रमाकांतची होडी उलटली. तिसऱ्या दिवशी त्याचा भाऊ दुकानात आला. फ्रेमचा फोटो हवा होता, लग्नातल्यांतला एखादा बघ म्हणाला. मी प्रोग्राम उघडला. मी काही शोधलं नव्हतं, पुढे एकही क्लिक केलं नव्हतं. आपण यादी जिथे सोडली होती तिथूनच ती उघडली, आणि पडद्यावर रमाकांत होता.

"बाय, इतक्या बेगीन गावलो?" भाऊ म्हणाला, आणि डोळे पुसायला लागला.

तू पुढे येऊन माझ्या हातून माऊस काढून घेतलास. तो गेल्यावर मी तुझ्याकडे बघितलं, तर तू दाराबाहेर बघत होतास. "तसां काय नसता गो," एवढंच म्हणालास. पण तुझा आवाज तुझा नव्हता. मला त्या दिवसापासून त्या यादीची भीती बसली ती बसलीच. कुणी हसो.

तूही घाबरला होतास. म्हणूनच फोटोंना माणसांची नावं द्यायला लागलास, मराठीत, एकेका बोटाने टाइप करत. "माणसां काय आकड्यांनी वळखूची?" म्हणायचास. अर्ध्याहून जास्त म्हाताऱ्यांचं बारसं झालं तेव्हा, मशीन पुन्हा बिघडलं तर हाताशी असावी म्हणून, दिवाळीच्या तोंडावर आपण यादी परत बाहेर काढून एका सीडीवर घातली. त्या प्रोग्रामला मराठी अक्षरं यादीत लिहिता येत नव्हती. प्रत्येक अक्षराच्या जागी त्याने प्रश्नचिन्ह घातलं. पडदाभर, खालपर्यंत, प्रश्नचिन्हंच. मधेमधे नाव न बदललेले आकडे. कोण आहे, कोण गेलंय, काही कळायला मार्ग नाही.

तेव्हा माझा तोल गेला. आपल्या भांडणांना तोटा नव्हता, पण हे भांडण मला शब्दाशब्दाने आठवतं.

"ही यादी बरी नाय. टाकून दी."

"आणि लोक इले काय तेंका रेशनकार्डावरचो फोटो मोठो करून दिवू? परत तेच खांदे?"

"तू जित्या माणसांका मेलेल्यांत घालतंस, गोपीदा. एक दिवस स्वताच जातलंस ह्या यादीत."

तू म्हणालास, "जातलंय तर जातलंय. फोटो बरो येवक होयो."

मी पर्स उचलली आणि निघाले. आठ दिवस दुकानाकडे फिरकले नाही. तू निरोप पाठवला नाहीस आणि मीही अडून बसले. परत आले तेव्हा तू नुसतं स्टुलाकडे बोट केलंस. "बोणी करूया, बस."

बोणी म्हणजे आपलं रोजचंच. कामाला निघण्याआधी, कोऱ्या कार्डावर, फ्लॅश बघायला तू पहिला फोटो माझा काढायचास. मी काउंटरवरून उठून स्टुलावर बसायचे, हातातलं काम हातातच. तू क्लिक करायचास, बघायचास, मान हलवायचास आणि बॅग खांद्याला लावून निघायचास. त्या दिवशीही तसंच केलं. भांडणाबद्दल तू बोलला नाहीस, मीही नाही. माफी मागायची तर तेव्हाच मागायला हवी होती. मला वाटलं, कुठे पळतोय हा.

तर नवव्या दिवशी वैनीचा निरोप घेऊन मी दुकान उघडलं. सीडी तुझ्या खणात होती, गिऱ्हाइकांच्या पावडरच्या डब्याखाली. त्यावर तुझ्या अक्षरात 'नंतर'. भर दुपार होती, बाहेर बाजार चालू होता, आणि माझ्या अंगावर काटा होता. वैनीसाठी ती यादी उघडायलाच हवी होती. आणि उघडली की ती पुन्हा भलतीच तोंडं दाखवणार, हे मला ठाऊक होतं.

तिने तेच केलं. प्रश्नचिन्हांच्या ओळींवर काळे चौकोन आले. आकड्यांच्या ओळींवर जिवंत माणसं. ती लाडूवाली मुलगी, बँडवाला, सगळी आपापल्या जागी, तशीच. मी नजर अर्धी मिटून खाली खाली जात राहिले. शेवटची ओळ आली. त्यात नुसते चार आकडे, शून्य शून्य शून्य एक. मी त्यावर क्लिक केलं.

पडद्यावर मी होते.

स्टुलावर बसलेली, सरळ पडद्याबाहेर माझ्याकडेच बघणारी मी. मागे दुकानाचा निळा पडदा. मी तशीच उठून रस्त्यावर आले. खोटं कशाला सांगू, पहिला विचार आला तो असा की रागाच्या भरात तू मला घातलंस. दुसरा विचार त्याहून वाईट होता. की तू घातलं नाहीस, आणि तरी मी तिथे आले. त्या दिवशी दुकान मी बंद केलं नाही, शेजारच्या टेलरमास्तरांना सांगितलं, शटर तेवढं ओढा. दुसऱ्या दिवशी सकाळी मासळी घ्यायला बाजारात गेले तर ती लाडूवाली मुलगी सायकलवरून शाळेला चालली होती. आता चांगली उंच झालीय. ती वळणाआड जाईपर्यंत मी हातात पिशवी धरून बघत उभी राहिले. कोळीण दोनदा हाक मारून थकली.

घरी येऊन डोकं शांत झालं तेव्हा सरळ गोष्ट ध्यानात आली. पहिल्या नंबरचा फोटो म्हणजे बोणी. एकूण एक फोल्डरमध्ये पहिला फोटो मीच असणार! यादीला त्यातला कुठलाही चालला असता. तुझा फोटो कुठेतरी त्याच नावाने दडला होता, आणि तो हवा तर एकेक फोल्डर उघडून प्रत्येकातली मी बाजूला करत जायला हवं होतं. दुसरा इलाज नव्हता.

अकराव्या दिवशी मी ते केलं. गोपीदा, तुला कल्पना आहे का रे त्यात काय होतं? पाच वर्षांतली मी. पहिल्या फोल्डरमध्ये दोन वेण्या, पाठ ताठ, शाळेच्या फोटोला बसल्यासारखी. मग हळूहळू सैल होत गेलेली. एकात तोंडात बटाटावड्याचा घास. एकात डोळे सुजलेले, तो बाबा गेले त्या आठवड्यातला. एका फोल्डरपासून पुढे गळ्यात मंगळसूत्र. कधी ताप, कधी नवी कुडी, कधी तुझ्यावर चिडलेली. फोल्डर उघडला की मी, पुढचा उघडला की मी. अर्ध्या तासाने मला वाटायला लागलं की ही कुणी दुसरीच बाई आहे आणि ती दर वेळी माझ्या आधी तिथे जाऊन बसते. माझ्या लग्नाचा अल्बम धरून माझे एवढे फोटो कुणी काढलेले नाहीत. एवढं नीट माझ्याकडे कुणी बघितलेलंही नाही. आणि हे मला तू गेल्यावर कळावं, याचा मला फार राग आला.

तुझ्या शेवटच्या कामाचाही फोल्डर होता, ज्या लग्नाहून तू परत घरी आला नाहीस त्याचा. कार्ड मीच कॅमेऱ्यातून काढून उतरवलं होतं, पण आत बघितलं नव्हतं. त्यातल्या बोणीत मी तुझ्याकडे बघतही नाहीये. मोबाईलवर बोलतेय, मान दुसरीकडे. तू थांबला असशील थोडा वेळ. मग काढलास तसाच.

आणि मग एका फोल्डरमध्ये मी नव्हते. स्टूल होतं, निळा पडदा होता, आणि तू होतास.

फोटोवर कॅमेऱ्याने घातलेली तारीख मी बघितली. भांडण झालं तोच दिवस, मी निघून गेल्यानंतर पाऊण तासाने. फोल्डरमध्ये तेवढा एकच फोटो. कार्ड कोरं केलंस, स्टुलावर बसायला कुणी नव्हतं, म्हणून कॅमेरा स्टँडवर लावून तू स्वतः जाऊन बसलास. मी बोलले ते तू करून दाखवलंस. चेष्टेने केलंस, रागाने केलंस, की छातीत तेव्हाच काही दुखत होतं आणि तू कुणाला बोलला नाहीस? तुझ्या तोंडावरून काही कळत नाही. केस पाण्याने चापून बसवलेले. आणि अंगात गिऱ्हाइकांना घालायला दुकानात ठेवलेला काळा कोट. जन्मात घालणार नाही म्हणायचास.

मी फोटो मोठा केला. ते खांदे मला पाठ होते. डावा उजव्याहून चांगला बोटभर उतरलेला, बॅग टांगून टांगून. ती खांद्यांची जोडी मी किती जणांना लावली असेल! दर वेळी वाटायचं, कोट शिवणाऱ्याने घाण केली आहे. तो कोट वाकडा नव्हता. फिल्मच्या जमान्यात तू स्वतःचेच खांदे काढून ठेवले होतेस आणि वर स्वतःचं डोकं कापून टाकलं होतंस. शिरोडा, आरवली, रेडी, जिथे जिथे कोटातला म्हातारा भिंतीवर आहे तिथे खाली तू आहेस. त्या बाईला तिच्या आईखाली नाही, पण तिच्या बापाखाली तू दिसला असतास. एवढी वर्षं एका टेबलावर बसून मला हे सांगावंसं वाटलं नाही तुला. मी विचारलं नाही हेही खरं.

काल संध्याकाळी फ्रेम घेऊन गेले. वैनीने पदराने काच पुसली, मग जवळ धरून बघितली.

"ह्यो कोणाचो कोट?"

"दुकानातलो."

"ह्यांच्या अंगात बरो बसलोहा," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. हसता हसता रडायला लागली. ओटीवर बसलेली तुझी चुलती पुढे आली, फोटो निरखून म्हणाली, आमच्या बाबांसारखो दिसता गो, अगदी. तिच्या बाबांची फ्रेम आपल्याच दुकानातली.

उद्या तुझं तेरावं. आज सकाळपासून मी दुकानात बसून यादी नीट करतेय. हे काम यादी पहिल्यांदा बिघडली तेव्हाच व्हायला हवं होतं. एकेका ओळीला पूर्ण पत्ता लिहिला. प्रश्नचिन्हं खोडून खरी माणसं शोधून बसवली, बँडवाल्याला बाहेर काढलं, त्या मुलीला तर सगळ्यात आधी. रमाकांतच्या ओळीवर रेडीची आजी परत आली. ती अजून आहे, ठणठणीत आहे. आता यादी कुठल्याही मशीनवर घातली तरी ज्याच्या जागी तोच येतो. मी तीनदा करून बघितलं. तू असतास तर म्हणाला असतास, झालां एकदाचां तुझां रामायण.

शेवटची ओळ राहिली आहे. चार आकडे, पत्ता नाही. नवीन मशीनवर ती उघडली की कधी तू येशील, कधी मी. भीती गेली म्हणत नाही, आता हे लिहितानाही मी त्या ओळीकडे सारखी बघतेय. तुझ्या फोल्डरचा पत्ता समोर आहे, घालायला अर्धा मिनिट पुरे.

मी घालणार नाही, गोपीदा. त्या एका ओळीवर आपण दोघंही बसू; ती तशीच जपून ठेवली आहे.